द्विवचन

काचेच्या खोलीत बसते मी, कानांवर दोन वाट्या,
समोर लाल दिवा. तो पेटला की मी नसते,
बोलणाऱ्याचा आवाज असते अर्धा तास,
मग ब्लाझ माइक ओढून घेतो आणि मी पाणी पिते.

आज चौथी बैठक. विषय तोच, कुणाचा वाटा किती.
अर्धं वजन लोकसंख्येला, अर्धं उत्पन्नाला,
बेकारी फार असेल तर थोडी सूट.
सूत्र लावल्यावर उत्तरेच्या एका चिमुकल्या देशाला
सव्वासात माणसं आली.
त्यांचे प्रतिनिधी गंभीरपणे उभे राहून विचारतात,
पावाचं काय करायचं?
सभागृहात हशा.
हशाचं भाषांतर करावं लागत नाही.

दुरुस्ती क्रमांक दोनशे चौदा :
'स्वीकारतील'च्या जागी 'स्वीकारू शकतील'.
त्यावर पाऊण तास.
ज्यांना माणसं नकोत त्यांनी पैसे द्यावेत,
पैसे जमत नसतील तर तंबू,
तंबूही नसतील तर कुंपणाची तार.
तार हीसुद्धा मदतच आहे, एक बाई म्हणतात,
आणि ते मला तितक्याच ठामपणे म्हणावं लागतं,
माझ्या तोंडाने.

आजोबा गेल्यावर काका असेच बसले होते
द्राक्षमळ्याचा नकाशा पसरून.
तिथे प्रत्येकाला जास्त हवं होतं, इथे कमी हवंय,
घसा खाकरण्याची पद्धत मात्र तीच.

साडेसहाला साक्षीदार. एजियन समुद्रातल्या बेटावरची
पानायोता कालोयेरू, बेकरी चालवते, गावच्या परिषदेवर आहे.
तिला चार मिनिटं.
ग्रीक मी लग्नात शिकले,
घटस्फोटानंतरही ते गेलं नाही.

ती सूत्राबद्दल काहीच बोलत नाही.
म्हणते, आमच्या दवाखान्यात शीतपेटीला दोन कप्पे आहेत.
मार्चमध्ये किनाऱ्यावर मिळाल्या, आई आणि मुलगी.
हात सुटेनात,
म्हणून एकाच कप्प्यात ठेवल्या.
महिनाअखेरच्या अहवालात लिहून गेलं :
एक जागा शिल्लक.

माझ्या भाषेत द्विवचन आहे.
शेजारच्या भाषांनी ते कधीच टाकून दिलं, जड होतं म्हणून.
आमच्याकडे दोघांचं क्रियापद निराळं, विशेषण निराळं,
एकाचं नाही, पुष्कळांचंही नाही.
दिवसभर ते लागलंच नव्हतं.
दिवसभर माणूस एकतर एक होता, एक अर्ज, एक बोटाचा ठसा,
नाहीतर लोंढा होता, ओघ होता, दबाव होता.
पानायोताच्या भाषेतही आता ते उरलेलं नाही,
ती नुसतं 'त्या' म्हणत होती.
मी म्हटलं, दोघी.
दोघी आल्या. दोघींना चर्चमागे पुरलं.
ब्लाझने शब्दकोड्यातून मान वर केली.

मग ती विचारते,
मेलेले तुमच्या कोष्टकात कुठल्या रकान्यात बसतात?
की जिथे पहिलं पाऊल पडलं त्याच देशाचे,
पाऊल पडलं नसलं तरी?
अध्यक्ष पेन्सिलीने टेबलावर टकटक करतात.
वेळ संपली. मनःपूर्वक आभार.
'मनःपूर्वक' मी गाळलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकतीस विरुद्ध एकोणतीस.
'शकतील' जिंकलं.

खाली, कोट ठेवतात तिथे, तिचा पत्र्याचा डबा होता.
तपासणीवाल्यांनी आत नेऊ दिला नव्हता.
तीळ लावलेले टोस्ट. घ्या, म्हणाली, परत कुठे नेऊ.
शिपायांनी घेतले, ड्रायव्हरने घेतला,
तार म्हणणाऱ्या बाईंनीही एक घेतला,
खुसखुशीत आहे म्हणाल्या,
पानायोताने माझ्याकडे पाहिलं.
मी ते सांगितलं नाही. लाल दिवा नव्हता.

तिने झाकण लावून डबा पिशवीत टाकला.
तळाशी दोन राहिले होते.
ट्रामच्या थांब्यापर्यंत
ते एकमेकांवर वाजत होते.